सत्तेचाळीस नंबर

बस वळणावरच सोडते. पुढे तीन किलोमीटर
धूळ, अक्रोडाची झाडं, आणि एक कुत्रा
जो अर्ध्या वाटेपर्यंत सोबत येतो,
मग कुणी शीळ घातल्यासारखा मागे फिरतो.

ट्रान्सिल्व्हेनियातलं हे गाव म्हणजे एकच रस्ता.
दोन्हीकडे खांद्याला खांदा लावून उभी घरं,
निळी, शेवाळी, एक विटक्या जांभळ्या रंगाचं.
कपाळावर साल: १८४१, १८६७.
सालाखाली नाव. नावाखाली कडी.
कडीला, बहुतेक ठिकाणी, कुलूप.

चर्चची किल्ली फ्राउ रोझिनाकडे.
वय पंच्याऐंशी, हात पिठाचे.
किल्ली माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत.
"दार ओढून घ्या," ती म्हणाली,
"पाकोळ्या शिरतात, आणि शिडी मलाच चढावी लागते."

चर्चभोवती तट, तटाला पाच बुरूज.
तुर्कांच्या भीतीने बांधले होते म्हणे.
तुर्क आले, गेले, राजे बदलले,
आणि एका बुरुजात टांगलेलं राहिलं
डुकराचं खारवलेलं मांस.
घरागणिक एक खुंटी, खुंटीवर घराचा नंबर.
रविवारी घंटा झाली की सुऱ्या घेऊन यायचे,
आठवड्यापुरतं कापायचे,
कापलेल्या कडेवर आपल्या घराचा शिक्का मारायचे.
शेजाऱ्यावर विश्वास होताच.
शिक्काही होता.

खुंट्या आता रिकाम्या.
फक्त सत्तेचाळीसवर कुणाची तरी काळी छत्री.
लाकडाला नाक लावलं:
धूर, मीठ, आणि काहीतरी
ज्याला भूक म्हणावं की रविवार, कळेना.

मागच्या दाराने टेकडीवर गेले.
कापलेल्या गवताच्या गंजी, टोपी घातलेल्या म्हाताऱ्यांसारख्या
एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या.
आलुबुखारच्या बागेत कुंपण मोडलेलं,
फळं पडून पडून जमीनच आंबलेली,
माश्या सुस्त, मीही.
खाली गाव एवढंसं, कौलं गंजल्या पाण्याच्या रंगाची.
एका चिमणीवर करकोच्याचं घरटं,
त्यात कुणी नाही. ते आफ्रिकेला गेलेत.
घरातले न्यूर्नबर्गला.

बसथांब्यावर पोचले तेव्हा पिशवी जड वाटली.
किल्ली.

तीन किलोमीटर उलटे. कुत्रा पुन्हा अर्ध्यावर भेटला,
या वेळी फाटकापर्यंत आला.
फ्राउ रोझिना पायरीवर बसलेली, शेंगा सोलत.
"सगळेच नेतात," ती म्हणाली, नजर न उचलता.
"एक जण व्हिएन्नापर्यंत घेऊन गेला होता.
पोस्टाने आली. तोवर पाद्री खिडकीतून शिरला."

इतक्यात रस्त्याच्या वरच्या टोकाला धूळ उठली
आणि घंटांचा आवाज, बारीक, विस्कळीत.
माझ्या भाषेत या वेळेला नाव आहे.
सांगायला गेले, तिच्या भाषेत शब्द नव्हता
आणि माझ्याकडे तिची भाषा नव्हती,
म्हणून मी नुसतं बोट दाखवलं. तिनेही मान हलवली.

गायी आल्या. कुणी हाकत नाही.
एकेक गाय आपापल्या फाटकात वळते,
बारा नंबर, एकोणीस, तेवीस,
कामावरून घरी आलेल्या बाईसारखी, इकडेतिकडे न बघता.
मागे गुराखी इलिए, काठी बगलेत, हातात फोन.

एक तांबडी मात्र सत्तेचाळीससमोर थांबली.
कुलूप. तिने नाकाने फाटक ढकललं.
ढकललं. मग नुसती उभी राहिली.

"श्नाइडरांची होती," रोझिना बोटांनी आणि अर्ध्या शब्दांनी समजावू लागली,
"मे महिन्यात गेले मुलाकडे. गाय खाली इलिएला विकली."
मे. म्हणजे चार महिने.
रोज?
रोज.

इलिएने काठी उचलली नाही.
फोन खिशात टाकला, तंबाखू काढली, वळली, पेटवली.
अर्धी ओढून होईपर्यंत तो तिच्याशेजारी
फाटकाला टेकून उभा,
दोघंही एखाद्या उशीर झालेल्या माणसाची वाट बघावी तसे.
मग तो हलकेच काहीतरी म्हणाला. ती वळली.

रोझिनाने शेंगांची टरफलं पदरात गोळा केली,
किल्ली दारामागच्या खिळ्याला लावली,
आणि मी विचारलेलं नसताना सांगितलं
उद्याची बस सव्वासातला,
रात्री सूप आहे,
पायपुसण्याला पाय नीट पुसा.